हडळ, वेताळ आणि परदेशी पाव्हणे: सहलीच्या बसमध्ये विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवलं. दर हिवाळ्यात सहल निघायची. पैठण, वेरूळ, दौलताबाद आणि पैसे पुरले तर अजिंठा. लाल डबा पहाटे चारला सुटायचा, बाहेर डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, आणि पाथरी मागं पडली की शेवटच्या बाकावरून पहिला प्रश्न यायचा. प्रश्न वर्षानुवर्षं तेच. आता निवृत्त झालोय, तर त्याच पोरांची पोरं फोनवर तेच विचारतात. म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

सर, भूत असतंय का?

मला आजवर भेटलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मसणवट्याशेजारच्या खोलीत तीन वर्षं भाड्यानं राहिलो, तरी नाही. पण नुसतं ‘नसतं’ म्हणून टाकलं की पोरं गप्प बसतात आणि त्यांच्याकडची गोष्ट त्यांच्याकडंच राहते. म्हणून मी उलटा प्रश्न करतो: तुझ्या गावात ते राहतं कुठं?

याचं उत्तर मात्र नेमकं मिळतं. मळ्यातल्या विहिरीत. तिवाट्यावर. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी. ओढ्याच्या वळणावर. या जागा जरा नीट बघा. प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी खरंच कुणीतरी मेलेलं असतं, नाहीतर मरता मरता वाचलेलं असतं. भूत खरं नसेल, पण त्याचा पत्ता सहसा खोटा नसतो. इथली असोत की जपान-ब्राझीलची, सगळी भुतं मी याच पत्त्यावरून ओळखतो.

आपल्याकडं भुतांचे प्रकार किती?

मोजायला बसलात तर रात्र सरेल. नेहमीची मंडळी सांगतो. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला तो मुंजा, मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. जखीण हा शब्द यक्षिणीवरून आला. म्हणजे एके काळची देवलोकातली बाई आमच्याकडं येईपर्यंत बाभळीवर बसायला लागली. वासना अडकली तो समंध, आणि पुष्कळदा पुरलेल्या धनावर बसलेलाही तोच. विद्वान असून वाकडं वागला तो ब्रह्मराक्षस.

आणि खवीस. हा शब्द अरबी ‘खबीस’वरून आलेला, अर्थ नापाक, दुष्ट. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळं आमच्या बोलीत जशी उर्दू मुरली तशी भुताखेतांतही मुरली. ‘जीन’ इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इस्लामी परंपरेत जिन्न धुराविना जळणाऱ्या आगीपासून घडवलेले, आणि माणसासारखेच त्यांच्यातही बरे-वाईट असतात. आमच्या खेड्यात मात्र जिनाचा उल्लेख फक्त कुणाकडं अचानक पैसा आला की निघतो: ‘जीन वश केलाय त्यानं!’

एक गोष्ट मला कायम खटकत आली. मुंजा व्हायला मुंज लागते, ब्रह्मराक्षस व्हायला ब्राह्मणाचा जन्म लागतो, खवीस परधर्माचा. मेल्यावरही जात सुटत नाही ती अशी.

चकवा म्हणजे नेमकं काय? तो खरंच वाट चुकवतो का?

वाट खरंच चुकते. हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे.

माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मानवतच्या बाजारातून पायी गावाकडं निघाले. पौषातली अमावास्या. जोंधळा डोक्याच्या वर गेलेला, मधून एका माणसापुरती पाऊलवाट. हातात गुळाची ढेप, खांद्यावर घोंगडं. तासाभराची वाट, पण पहाट झाली तरी घर येईना. तीन वेळा एकाच वाकड्या बाभळीपाशी आले. तिसऱ्या वेळी तिथंच बसले, बिडी पेटवली आणि उजाडेपर्यंत हलले नाहीत. सकाळी पाहिलं तर गाव समोर, हाकेच्या अंतरावर. गुळाला दव लागून फडकं चिकट झालेलं. आज्जीनं त्यांच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, “चकव्यात सापडला होता. बसला म्हणून वाचला.”

रशियात हेच काम ‘लेशी’ करतो. तो रानाचा राखणदार, वाटसरूला भुलवून गोल फिरवतो. त्याच्यावरचा तिथला उतारा असा: अंगातले कपडे उलटे घालायचे आणि डाव्या पायातला जोडा उजव्यात. बंगालात दलदलीवर दिसणारा ‘आलेया’ नावाचा उजेड कोळ्यांना भुलवतो.

आता २००९ सालची गोष्ट. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी माणसांना जर्मनीतल्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडलं आणि सांगितलं, सरळ चाला. सूर्य दिसत होता तोवर लोक सरळ गेले. ढग आले तसे गोल फिरायला लागले, आपलीच वाट आपण ओलांडतोय हे कळलंही नाही. वाळवंटात रात्री चालणारा चंद्र असेपर्यंत नीट गेला, चंद्र ढगाआड झाल्यावर वळत वळत आला तिकडंच निघाला. डोळे बांधलेल्यांनी तर कधी कधी वीसेक मीटर व्यासाचीच घिरटी घातली, आणि वाटत होतं की आपण नाकासमोर चाललोय. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो म्हणतात, तसलं काही नाही. दूरची खूण दिसेना की मेंदूचा ‘सरळ’ हळूहळू सरकत जातो.

अमावास्या, डोक्यावर जोंधळा, खूण एकही नाही. अण्णांना चकवा लागणारच होता. आणि आज्जीचा सल्ला, बसून घे, उजाडू दे, हा जंगलात हरवलेल्याला आजही तसाच्या तसा देतात.

हडळीचे पाय उलटे का असतात?

हे फक्त आपल्याकडंच आहे असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. मग ब्राझीलचा ‘कुरुपिरा’ कळला. लाल केसांचा, जंगलाचा राखणदार, आणि त्याची पावलं मागं वळलेली. शिकारी माग काढायला जातो तो नेमका उलट्या दिशेला. जोसे दे आंशिएता या पाद्र्यानं १५६० च्या पत्रात त्याचा उल्लेख केला आहे. कॅरिबियन बेटावरच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात ‘सिगुआपा’ नावाची बाई असते, लांब केस, पाय उलटे. भारतभर पसरलेली चुडेल तर आपल्या हडळीची सख्खी बहीण.

माझा अंदाज सांगतो, पटला तर घ्या. खेड्यात, रानात माणूस पावलावरून ओळखतात. आमच्याकडं चोराचा माग काढणारे होते, ते मातीतलं पाऊल बघून ‘लंगडतोय, डोक्यावर ओझं आहे’ इथपर्यंत सांगायचे. जिथं पाऊल हाच पुरावा, तिथं सगळ्यांत भयानक गोष्ट म्हणजे खोटं बोलणारं पाऊल.

मलेशिया-इंडोनेशियात बाळंतपणात गेलेली बाई ‘पोंतियानाक’ होते. बोर्निओ बेटावर या नावाचं अख्खं शहर आहे. तिच्या मानेत खिळा ठोकला की ती साधी सुंदर बायको होऊन नांदते, काढला की पुन्हा भूत. जपानात तीच बाई ‘उबुमे’ होते आणि वाटसरूच्या हातात बाळ देऊन नाहीशी होते. इतक्या देशांत हीच बाई का, तर बाळंतपणात बायका सगळीकडंच मरत होत्या. आणि मागं राहिलेल्यांच्या मनात कुठंतरी खुटखुट होती की तिला वाचवता आलं असतं.

सटवाई देवी की भूत?

दोन्ही, आणि म्हणूनच मला ती फार आवडते.

पाचवीच्या, कुठं सहाव्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. पुतणीच्या बाळाच्या पाचवीला पाटा मांडला, वर हळदकुंकू, शेजारी कोरा कागद, दिवा, आणि पोरीनं आपलं निळं बॉलपेन ठेवलं. आमची नव्वदीची आत्या भिंतीला टेकून बघत होती. म्हणाली, “टोपण काढ गं. झाकून ठिवलं तर ती लिव्हील कशानं?”

पाचवी-सहावीच का? पूर्वी नाळ विळ्यानं कापायचे, कधी त्यावर राख-शेण लावायचे. त्यातून होणारा नवजात बाळाचा धनुर्वात साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो. बाळ दूध ओढेनासं होतं, अंग ताठ होतं, आणि जातं. जगातल्या कितीतरी भागांत त्याला ‘सातव्या-आठव्या दिवसाचा आजार’ म्हणायचे. म्हणजे आपल्याकडची जागरणाची रात्र धोक्याच्या तोंडावरच येते. गरोदरपणातली लस, निर्जंतुक पातं आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांनी हे बदललं. माता आणि नवजात यांच्या धनुर्वाताचं भारतात उच्चाटन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. पाचवी अजून होते. होऊ द्या, नाळेवर राख मात्र नको.

प्राचीन इराकमध्ये बाळं पळवणारी ‘लामाश्तू’ होती. तिला हाकलायला लोक बाळंतिणीजवळ ‘पाझूझू’ची मूर्ती लटकवायचे. पाझूझू स्वतः भयानक राक्षस. काट्यानं काटा काढायची युक्ती तिकडंही ठाऊक होती.

अजिंठा-वेरूळला राक्षस बघायचे तर कुठं थांबायचं?

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात आत उजवीकडच्या लहान गाभाऱ्यात हारिती बसली आहे, शेजारी तिचा नवरा पांचिक. ही पोरं खाणारी यक्षिणी. तिला स्वतःची पाचशे लेकरं. बुद्धानं तिचं सगळ्यांत धाकटं लेकरू भिक्षापात्राखाली लपवलं. ती रडत आल्यावर विचारलं, पाचशेतलं एक गेलं तर एवढं दुखतं, ज्यांचं एकुलतं एक तू नेलंस त्यांचं काय? त्या दिवसापासून ती लेकरांची राखण करते. ही बाई पुढं बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचली, तिथं ‘किशिमोजिन’ म्हणून तिची आजही पूजा होते. सटवाईच्या शेजारी तिला बसवून बघा, दोघी जावा शोभतील.

सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट रंगवली आहे. जहाज फुटतं, बेटावर सुंदर बायका भेटतात, संसार मांडतात, आणि असतात राक्षसिणी. पांढरा घोडा सिंहलाला पाठीवर घेऊन उडतो. एक राक्षसीण माग काढत राजवाड्यात पोचते, राजा भुलतो, आणि रातोरात वाड्यातली माणसं संपतात. पाचव्या शतकातलं हे चित्र आहे. ग्रीकांच्या गोष्टींत गाणं म्हणून खलाशांना खडकांवर ओढणाऱ्या सायरन आहेत, त्यांचं काम हेच. दर्यावर गेलेला माणूस परत आला नाही की गावाला काहीतरी कारण लागतं.

वेरूळच्या सोळाव्या लेण्यात कैलास हलवणारा रावण आहे. त्याच्यासमोर फोटोला गर्दी असते. पोरांना खाली बसवा आणि त्याचे हात मोजायला लावा. दहा मिनिटं शांतता मिळते, हा अनुभव.

देवळाच्या उंबऱ्यावर ते डोळे वटारलेलं तोंड कुणाचं?

कीर्तिमुख. हेमाडपंती देवळात जाताना आपण बहुधा त्याला ओलांडूनच आत जातो. जालंधर दैत्यानं राहूला शंकराकडं पाठवलं, पार्वती मागायला. शंकराच्या रागातून एक सिंहमुखी, हाडकुळा, भुकेनं वखवखलेला प्राणी निघाला आणि राहूवर धावला. राहू शरण गेला. मग या प्राण्यानं विचारलं, माझ्या भुकेचं काय? शंकर म्हणाला, स्वतःला खा. त्यानं पाय खाल्ले, धड खाल्लं, तोंड तेवढं उरलं. शंकरानं त्याला दारावर जागा दिली. ही गोष्ट मी पोरांना दुपारच्या डब्याच्या वेळी सांगायचो, भाकरी हातातच राहायची.

विहिरीत आसरा असतेत म्हणतेत. त्या पोरांना ओढतेत का?

साती आसरा. शब्द अप्सरेवरून आला. विहिरीच्या थारोळ्यापाशी नाहीतर बारवेच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड असतात. त्यांना हिरव्या बांगड्या, ओटी, दहीभात. आमच्याकडची जुनी विहीर म्हणजे कठडा नसलेला साठ फूट खोल खड्डा. आईनं ‘कडेला जाऊ नको’ म्हटलं तर कोण ऐकतं? आसरा ओढतेत म्हटलं की दहा हात लांबून फिरतात.

जपानी आयांनी त्यासाठी ‘कप्पा’ तयार केला. पोराएवढा, पाठीवर कासवाची ढाल, डोक्यावर पाण्यानं भरलेली बशी. ती सांडली की त्याची ताकद गेली. भेटलाच तर वाकून नमस्कार करायचा. कप्पा शिष्टाचाराचा पक्का, तोही वाकतो आणि पाणी सांडतं. त्याला काकडी भारी प्रिय. आजही तिथल्या तळ्यांकाठी ‘पाण्यात उतरू नका’ या पाट्यांवर त्याचं चित्र असतं. आपल्या शेततळ्यांच्या प्लास्टिकवरून घसरून पोरं बुडतात ते वाचलं की वाटतं, आपणही आसरांची अशी पाटी लावावी. कुंपण तर आधी लावावंच.

रात्री जाग येते पण हलता येत नाही, छातीवर कुणीतरी बसलेलं असतं. हे काय?

स्वप्नाच्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू सैल करून ठेवतो, म्हणजे स्वप्नात पळताना आपण खरंच पळत सुटत नाही. कधी कधी मन आधी जागं होतं आणि अंग मागं राहतं. ते काही सेकंद किंवा एखाद-दोन मिनिटं भयंकर जातात. जपानी त्याला ‘कानाशिबारी’ म्हणतात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर ‘म्हातारी बसली’ म्हणतात. जागरण, उताणं झोपणं, ताण यांनी ते वाढतं. कुशीवर झोपा, झोप पुरी करा. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

भानामती खरी असते का? आमच्या गल्लीत पत्र्यावर दगड पडायचे.

मराठवाड्यात आणि शेजारच्या बिदर-तेलंगणाच्या पट्ट्यात हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, जेवणाच्या ताटात घाण निघते, अंगावर काळ्या फुल्या उमटतात.

फुल्यांचं आधी सांगतो. बिबा माहीत आहे ना, ज्याच्या रसानं परीट कपड्यांवर खुणा करायचे? तो कातडीला लागला की काही वेळानं फोड येतात, डाग पडतो. उशिरानं उमटतो म्हणून तो ‘आपोआप’ वाटतो.

आता दगड. मी नोकरीत नवा असताना गावातल्या एका घरावर सहा दिवस तिन्हीसांजेला दगड पडले. लोकांनी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडं बोट दाखवलं. देवऋषी आणायचं ठरलं, त्याचे पैसेही गोळा झाले. मी आणि माझे एक सहकारी त्या घरी चहाला गेलो आणि फक्त बघत बसलो. घरात नववीतली पोर होती, हुशार, माझ्याच वर्गातली. तिचं लग्न ठरलं होतं. आम्ही तिच्या बापाशी दगडांबद्दल एक शब्दही बोललो नाही. दहावी होऊ द्या एवढंच चार संध्याकाळी बोलत राहिलो. लग्न पुढं गेलं. दगड थांबले. कोण मारत होतं ते मी तेव्हा सांगितलं नाही, आत्ताही सांगणार नाही.

जर्मन भाषेत याच भुताला ‘पोल्टरगाइस्ट’ म्हणतात, म्हणजे आदळआपट करणारं भूत. युरोपातल्या अशा पुष्कळ प्रकरणांत घरात एखादं वयात येणारं पोर असतंच, हे तिथल्या अभ्यासकांनाही दिसलं. ज्याला घरात बोलायची सोय नाही, त्याचं भांडं असं वाजतं.

त्या म्हातारीचं काय झालं असतं, हा विचार अजून येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी केली, भूत लावलं, चेटूक केलं म्हणून कुणाला छळणं, मारहाण करणं, धिंड काढणं हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. तक्रार पोलीस ठाण्यात करायची, त्यासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे.

वेताळ म्हणजे आपला व्हॅम्पायर का?

नाही, आणि हा गैरसमज जुना आहे. १८७० साली रिचर्ड बर्टन या इंग्रजानं वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या त्या वेताळाला व्हॅम्पायर म्हणूनच. स्लाव्ह लोकांचा व्हॅम्पायर थडग्यातून उठून नातेवाइकांचं रक्त पितो. १७२५ आणि १७३२ च्या सुमारास सर्बियात तर सरकारी माणसांसमोर प्रेतं उकरून त्यांना सुळे ठोकले. कुजताना पोट फुगतं, तोंडातून लालसर पाणी येतं, कातडी आकसल्यानं नखं वाढल्यासारखी दिसतात. लोकांना वाटलं, हा ताजा आहे, पिऊन आलाय! शेवटी १७५५ मध्ये ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिनं आपला वैद्य चौकशीला लावला आणि प्रेतं उकरायला बंदी घातली.

आमचा वेताळ रक्त पीत नाही, डोकं खातो. मसणातल्या झाडावर लटकलेल्या प्रेतात तो शिरतो आणि खांद्यावर घेऊन जाणाऱ्या राजाला गोष्टी सांगतो. शेवटी प्रश्न. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल. बोललास तर मी परत झाडावर.

आणि हा राजा कुठला? सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त स्पष्ट सांगितलंय: गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा राजा त्रिविक्रमसेन. प्रतिष्ठान म्हणजे पैठण. आपली बस तिथंच चाललेली असायची! हे वाक्य मी नेमकं पैठणच्या अलीकडं ठेवायचो. पुढचा अर्धा तास पोरं खिडकीतून प्रत्येक झाड तपासायची.

पैठणचं भुतांशी नातं एवढ्यावर थांबत नाही. दंतकथा अशी की सातवाहन राजाच्या दरबारातल्या गुणाढ्यानं ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत, म्हणजे पिशाचांच्या भाषेत लिहिली. सात लाख श्लोक, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजानं नाक मुरडलं. गुणाढ्य रानात गेला, एकेक पान वाचून जाळत बसला, आणि जनावरं चरायचं सोडून ऐकत राहिली. राजाच्या ताटात वाळकं, कस नसलेलं मांस यायला लागलं, चौकशी झाली, राजा धावत पोचला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते. वेताळाच्या गोष्टी आज ज्या ग्रंथात वाचायला मिळतात तो याच उरलेल्या भागाचा वारसा सांगतो. पुढं सोळाव्या शतकात याच गावात एकनाथांनी भुतावर भारूड केलं. त्यातलं झपाटणारं भूत म्हणजे विठ्ठल.

ड्रॅगन, एकडोळ्या राक्षस, मत्स्यकन्या यांच्यामागं खरी जनावरं आहेत का?

काहींच्या मागं असावीत. ग्रीकांचा एकडोळ्या सायक्लोप्स घ्या. सिसिली बेटावर बुटक्या प्राचीन हत्तींचे सांगाडे सापडतात. हत्तीच्या कवटीत सोंडेच्या जागी मधोमध मोठं भोक असतं. हत्ती न पाहिलेल्या माणसाला तो डोळाच वाटेल, असा तर्क ओथेनिओ आबेल यांनी १९१४ मध्ये मांडला. गोदावरीच्या खोऱ्यातही प्राचीन हत्तींचे जीवाश्म मिळाले आहेत. आपण मात्र हत्ती रोज बघत होतो, त्यामुळं तो डोळा आपल्याला दिसला नसावा.

मत्स्यकन्या कोलंबसानं ९ जानेवारी १४९३ ला तीन पाहिल्या आणि चित्रात असतात तेवढ्या सुंदर नाहीत अशी कुरकूर नोंदवली. ते मॅनाटी नावाचे समुद्री सस्तन प्राणी असावेत. जहाज ओढून नेणारा क्राकेन म्हणजे बहुधा महाकाय माकूळ. जिवंत महाकाय माकूळ समुद्रात पहिल्यांदा कॅमेऱ्यात आला तो २००४ मध्ये, जपानजवळ.

ड्रॅगन दोन जातीचे. युरोपातला आग ओकतो, सोन्यावर बसतो, आमच्या समंधासारखा. चीनचा पाऊस पाडतो. हा मराठवाड्याला हवा होता! पाऊस लांबला की चिनी खेड्यांत नागराजाची मूर्ती उन्हात नेऊन ठेवायचे: बघ कसं वाटतं. आमच्याकडं महादेवाचा गाभारा पाण्यानं भरून देवाला कोंडतात, आणि पोरं ‘धोंडी धोंडी पाणी दे’ करत कडुलिंबाचे डहाळे बांधून दारोदार फिरतात. दुष्काळात देवाशी असं भांडायची पद्धत दोन्हीकडं सारखी निघाली याचं मला अजून अप्रूप वाटतं.

यती आणि लॉख नेसचा राक्षस?

यती म्हणजे हिमालयातला हिममानव. त्याचे म्हणून जपलेले नऊ नमुने २०१७ मध्ये तपासले, आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला. लॉख नेस हे स्कॉटलंडमधलं तळं. तिथल्या राक्षसाचा तो लांब मानेचा १९३४ चा फोटो म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान होती, हे १९९४ मध्ये बाहेर आलं. पुढचा प्रश्न.

दुतोंडी सापानं गुप्तधन सापडतं का? आणि नागिणीचा बदला?

दुतोंडी म्हणजे मांडूळ. त्याची शेपटी बोथट, म्हणून दोन तोंडांचा भास होतो. प्राचीन रोमन लोकांनीही दोन्ही टोकांना डोकी असलेला ‘अँफिस्बिना’ नावाचा साप लिहून ठेवला आहे. मांडूळ बिनविषारी, उंदीर खाणारा, शेतकऱ्याचा मित्र. त्याची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. गुप्तधनाच्या नादात तर लोक माणसाचा बळी द्यायला उठतात, म्हणून ‘धन शोधून देतो’ म्हणणारा दारात आला की थेट पोलिसांना सांगा.

नागीण फोटो काढून ठेवत नाही, बदला घेत नाही, दूध पीत नाही. साप चावला तर मंत्र-उतारा न करता सरकारी दवाखाना गाठा, प्रतिविष तिथं असतं.

लहान पोरांना या गोष्टी सांगाव्यात का?

सांगाव्यात, पण झोपताना नाही आणि धाक दाखवायला तर मुळीच नाही. ‘जेव, नाहीतर बागुलबुवा येईल’ यातून पोर जेवायला शिकत नाही, संडासला एकटं जायचं मात्र सोडतं. उजेडात सांगा, जागा दाखवून सांगा, आणि शेवटी पोरालाच विचारा, तू असतास तर काय केलं असतंस?

वेताळाच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय होतं, सर?

हा प्रश्न परतीच्या वाटेवर यायचा, गेवराईच्या आसपास, निम्मी बस झोपलेली असताना.

बाप आणि मुलगा रानात जातात. ओल्या मातीत दोन बायकांची पावलं दिसतात, एकीची मोठी, एकीची लहान. ठरतं, मोठ्या पावलांची बापाची, लहान पावलांची मुलाची. त्या निघतात मायलेकी, आणि मोठी पावलं असतात लेकीची. वचन दिलेलं, त्यामुळं बाप लेकीशी लग्न करतो आणि मुलगा आईशी. दोन्हीकडं मुलं होतात. त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? त्रिविक्रमसेन चालत राहतो आणि गप्प बसतो. चुकवून नाही, त्याला खरंच सुचत नाही. वेताळ त्या गप्प बसण्यावर खूश होतो आणि ज्या कपटी गोसाव्यासाठी राजा हे प्रेत वाहतोय त्याचा डाव फोडून राजाचा जीव वाचवतो.

एका सहलीत पुढच्या बाकावरची सातवीतली पोर हे ऐकून वहीत रेघा मारत बसली. माजलगाव येईपर्यंत तिनं सोडवलं. आईचं पोर हे लेकीचा भाऊ, म्हणजे लेकीच्या पोराचा मामा. बापाचं पोर हे मुलाचा भाऊ, म्हणजे मुलाच्या पोराचा काका. एक दुसऱ्याचा मामा, दुसरा पहिल्याचा काका. मी शाबासकी देणार तेवढ्यात ती वही बघत म्हणाली, “पण सर, पहिल्याच्या लग्नात मामा म्हणून मागं कोण उभा राहायचा?”

मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्रिविक्रमसेनासारखाच.